वसंतातले सीमोल्लंघन

आश्विनात पावसाने फुगलेल्या नद्या ओसरल्या, चिखलाच्या वाटा वाळल्या आणि खरिपाचे पीक हाती येऊ लागले, की मराठ्यांच्या फौजा वेस ओलांडून मुलूखगिरीस बाहेर पडत. त्या प्रस्थानाची खूण म्हणून आपण अजूनही विजयादशमीला सीमोल्लंघन करतो व आपट्याची पाने वाटतो. युरोप खंडात हे सीमोल्लंघन वसंतात होत असे. हिवाळ्याने कोंडून ठेवलेले रस्ते मार्च-एप्रिलात वाळू लागत, घोड्यांना कोवळे गवत मिळू लागे, आणि ज्या दिवसांत सफरचंदाच्या झाडाला बहर येई त्याच दिवसांत राजांच्या पलटणी शेजाऱ्याच्या सरहद्दीकडे कूच करीत. आज त्याच ऋतूत, पुष्कळदा त्याच रस्त्यांनी, साधी संसारी माणसे मोटारीत मुले आणि शिदोरी घेऊन एका देशातून दुसऱ्या देशात जातात, आणि आपण सरहद्द ओलांडली हे त्यांना कडेच्या निळ्या पाटीवरून काय ते कळते. युरोपातील वसंताच्या फुलांचे वर्णन आपल्याकडे विपुल झाले आहे. मला त्या ऋतूचे खरे नवल वाटते ते या पालटलेल्या सीमोल्लंघनात, आणि ते पाहावयाचे असेल तर ऱ्हाइन नदीच्या काठासारखी दुसरी वाट नाही.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या मध्यास निघून आम्ही उभयतांनी ही नदी मुखापासून उगमाच्या दिशेने, म्हणजे प्रवाहाच्या उलट, मोटारीने महिनाभर पाहिली. ऱ्हाइन स्वित्झर्लंडच्या आल्प्स पर्वतात उगम पावते आणि लिश्टेनस्टाइन, ऑस्ट्रिया, जर्मनी व फ्रान्स यांच्या हद्दींना स्पर्श करीत नेदरलँड्समध्ये समुद्राला मिळते. तिची लांबी सुमारे १,२३० किलोमीटर आहे. परंतु विसाव्या शतकातील कित्येक कोशांत ती १,३२० अशी छापली गेली, कारण कोणाच्या तरी हातून दोन अंकांची अदलाबदल झाली व पुढच्यांनी ती तशीच उतरून घेतली, आणि ही चूक २०१० साली उजेडात आली. उलट दिशेने जाण्यात एक विशेष लाभ आहे. समुद्राकाठी वसंत ऐन भरात असतो; दक्षिणेकडे सरकावे तसा स्ट्रासबुर्गच्या आसपासच्या उबदार मैदानात तो पुढे गेलेला आढळतो; आणि तेथून आल्प्स चढू लागताच तो पुन्हा मागे मागे जात अखेर खिंडीतल्या बर्फापाशी थांबतो. एका नदीच्या काठाने ऋतूचे दोन्ही प्रवाह, पुढचा व मागचा, अशा रीतीने पाहावयास मिळतात.

प्रस्थानापूर्वीची तजवीज थोडकी आहे, पण ती चोख असावी. भारतीय परवानाधारकास आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातून एक वर्ष मुदतीचा आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना मिळतो. तो मूळ परवान्यासह जवळ बाळगावा. शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत अधिकाधिक ९० दिवस राहता येते. मोटार भाड्याने घेताना ती कोणकोणत्या देशांत न्यावयाची आहे ते करारपत्रात आधीच नमूद करून घ्यावे. पथकराचे नियम प्रत्येक मुलखाचे निराळे आहेत: जर्मनीत खासगी मोटारीस पथकर नाही, फ्रान्समध्ये अनेक मोठ्या मार्गांवर नाक्यानाक्यावर अंतरानुसार तो द्यावा लागतो, ऑस्ट्रियात ठरावीक मुदतीचा, तर स्वित्झर्लंडमध्ये वर्षाचा परवाना आगाऊ विकत घ्यावा लागतो. वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, आणि उजवीकडून येणाऱ्यास आधी वाट देणे हा तिथल्या अनेक चौकांतील नियम आपल्या चालकाने विशेष घोकून ठेवावा. जर्मनीच्या द्रुतगती मार्गांवर कित्येक ठिकाणी वेगाची सक्तीची मर्यादा नसली, तरी ताशी १३० किलोमीटर हा शिफारस केलेला वेग आहे. ज्याला वसंत पाहावयाचा आहे त्याने हे मार्ग टाळून काठाकाठाचे जुने रस्ते धरावे, हे उत्तम.

प्रवासाचा आरंभ आम्ही रॉटरडॅमच्या पश्चिमेस, हूक ऑफ हॉलंड येथे केला. उत्तरेस तासाभराच्या अंतरावर लिस्से या गावी क्यूकेनहॉफचे सुप्रसिद्ध उद्यान आहे; ३२ हेक्टरांवर दर साल सुमारे ७० लाख कंद लावले जातात, आणि मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतचे सुमारे आठ आठवडेच ते खुले असते. परंतु उद्यानापेक्षा मला भोवतालची शेते अधिक बोधप्रद वाटली. त्या शेतांतील ट्यूलिप फुलांसाठी लावलेले नसतात, कंदांसाठी लावलेले असतात; म्हणून फुले उमलली व रोगट झाडे निवडून काढली, की शेतकरी ती सर्व रंगीत शोभा यंत्राने छाटून टाकतो, कारण फुलाच्या पोषणात व बीजधारणेत जाणारी शक्ती त्याला जमिनीखालच्या कंदात साठवावयाची असते. हे झाड मूळचे डच नव्हे. तुर्कांच्या मुलखातून ते युरोपात आले, लायडन येथील विद्यापीठाच्या वनस्पतिबागेत क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५९३ च्या सुमारास ते लावले, आणि अवघ्या चार दशकांत त्याच्या कंदांची अशी सट्टेबाजी माजली की फेब्रुवारी १६३७ मध्ये ते भाव एकाएकी कोसळले. आज ज्याला आपण हॉलंडचे राष्ट्रीय फूल समजतो, ते असे परमुलखातून सरहद्दी ओलांडून आलेले पाहुणे आहे.

त्या फुलांच्या ऋतूतच रॉटरडॅम जळाले. १० मे १९४० रोजी जर्मन सैन्याने नेदरलँड्स, बेल्जियम व लक्झेंबर्ग यांच्या सरहद्दी एकाच वेळी ओलांडल्या, आणि १४ मे रोजी विमानांनी रॉटरडॅमवर बॉम्बवर्षाव करून शहराचा मध्यभाग बेचिराख केला. सुमारे ऐंशी हजार माणसे बेघर झाली. शहरात शिल्पकार झाडकिन याने केलेला एक पुतळा आहे, त्यातील मनुष्याने हात आकाशाकडे फेकलेले आहेत व त्याच्या छातीत हृदयाच्या जागी पोकळी आहे. जवळच, सागरी संग्रहालयाच्या धक्क्यावर, एक लहानसा लाल दीपस्तंभ उभा आहे. तो पूर्वी हूक ऑफ हॉलंडला, नदीच्या मुखाशी, जहाजांना वाट दाखवीत असे. वाचकांनी तो ध्यानात ठेवावा. त्याची गाठ पुन्हा पडणार आहे.

रॉटरडॅमहून पूर्वेस निघाले की ऱ्हाइनच्या दोन फाट्यांमध्ये बेटुवे नावाचा फळबागांचा सुपीक टापू लागतो. एप्रिलात तेथील पेर, चेरी व सफरचंदाच्या झाडांवर पांढरा-गुलाबी बहर असतो. पुढे लोबिथपाशी नदी जर्मनीतून नेदरलँड्समध्ये शिरते. जर्मन बाजूस शिरताच रस्त्याकडेला लाकडी टपऱ्यांत पांढऱ्या कांड्यांच्या जुड्या विकावयास ठेवलेल्या दिसू लागतात. ही श्पार्गेल नावाची, शतावरीच्या कुळातील भाजी. तिच्या कोंबावर मातीचे वरंबे चढवून त्याला सूर्यप्रकाश लागू देत नाहीत, म्हणून तो पांढराच राहतो, आणि पहाटे एकेक कोंब हाताने उकरून काढावा लागतो. एप्रिलात सुरू होणारा तिचा हंगाम २४ जूनला, संत जॉनच्या दिवशी, परंपरेने संपतो, कारण त्यानंतर झाडाला पुढील वर्षासाठी वाढू द्यावयाचे असते. तोवर घरोघरी व खाणावळीखाणावळीतून तिचेच कौतुक चाललेले असते; आपल्याकडच्या आंब्याच्या दिवसांची आठवण व्हावी असा तो जिव्हाळा आहे.

कोलोनचे महामंदिर, ज्याचा पाया १२४८ साली घातला गेला व ज्याचे शिखर १८८० साली पुरे झाले, ते सर्वच प्रवासी पाहतात. त्याच्या दक्षिणेस अर्ध्या तासावर असलेले बॉन हे शहर मात्र भारतीय मनुष्याने केवळ बेटहोव्हेनचे जन्मस्थान म्हणून पाहू नये. जुन्या वस्तीतील एका अरुंद गल्लीत एप्रिलात चेरीच्या गुलाबी फुलांचे छत दोन्ही बाजूंच्या घरांवर पसरते. आणि तेथून चालत जाण्याच्या अंतरावर जे विद्यापीठ आहे, तेथे १८१८ साली आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल याची नेमणूक होऊन जर्मनीतील संस्कृताच्या अध्यापनाचा पाया घातला गेला. त्याने १८२३ साली येथूनच श्रीमद्भगवद्गीतेची मूळ संहिता देवनागरी लिपीत, लॅटिन अनुवादासह, प्रसिद्ध केली. ग्रंथांनी सरहद्दी ओलांडल्या की कोणाचे गाव जळत नाही, हा विचार त्या गल्लीतून परतताना मनात आल्याखेरीज राहिला नाही. कारण पुढच्याच मजलेत रेमागेन लागते, आणि तेथे नदीच्या दोन्ही तीरांवर पुलाचे काळे बुरूज उभे आहेत. पूल मात्र नाही. ७ मार्च १९४५ रोजी अमेरिकन सैन्याला ऱ्हाइनवरील हा लुडेनडॉर्फ पूल शाबूत सापडला, त्यावरून ते जर्मनीच्या अंतर्भागात शिरले, आणि दहाच दिवसांनी तो पूल नदीत कोसळला. तो पुन्हा बांधला नाही. बुरुजांत आता शांततेचे संग्रहालय आहे.

कोब्लेंझपासून बिंगेनपर्यंतचा सुमारे ६५ किलोमीटरांचा घाट हा या सर्व प्रवासाचा मुकुटमणी होय. दोहों बाजूंच्या उभ्या डोंगरांवर किल्ल्यांची माळ आहे, नदी लोरेलाय नावाच्या १३२ मीटर उंच कड्याला वळसा घालते, आणि कोब्लेंझ ते माइन्झ या टप्प्यात एकही पूल नसल्यामुळे पैलतीरी जावयाचे तर मोटारीसकट तरीवर चढावे लागते. डोंगरउतारांवर पायऱ्यापायऱ्यांचे द्राक्षमळे आहेत. एप्रिलअखेरीस, ज्या सुमारास नाशिककडचा बागाईतदार द्राक्षे उतरवून खरड छाटणीला लागलेला असतो, त्याच सुमारास येथील वेलीला पहिली पालवी फुटत असते, आणि येथील शेतकऱ्याला धास्ती अवकाळी पावसाऐवजी दहिवराची असते. मेच्या ११ ते १५ या पाच दिवसांना तिकडे 'बर्फाचे संत' म्हणतात. ते दिवस निर्वेध पार पडेपर्यंत नाजूक रोपे उघड्यावर लावू नयेत असा जुना संकेत आहे. या प्रांतातील दुसरी प्रथा अधिक गोड आहे. एप्रिलच्या शेवटच्या रात्री तरुण मुलगे रंगीत कागदी फितींनी सजविलेले भूर्जाचे कोवळे झाड आपल्या प्रेयसीच्या दारी बांधून येतात, आणि लीप वर्षी हा मान मुलींचा असतो. १ मे रोजी सकाळी आम्ही त्या घाटातील एका खेड्यातून गेलो तेव्हा पाच-सात घरांवर अशी झाडे वाऱ्याने सळसळत होती व म्हातारी माणसे दारात उभी राहून ती कोणाची असावीत याचा खल करीत होती.

कोब्लेंझला ऱ्हाइनला मोझेल नदी मिळते. तिच्या काठाने एक वळसा घेऊन आम्ही लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावी गेलो, कारण ज्या नावाचा शिक्का प्रत्येक भारतीय प्रवाशाच्या पारपत्रावर बसतो, ते गाव न पाहता पुढे जाणे मला प्रशस्त वाटले नाही. लक्झेंबर्ग, जर्मनी व फ्रान्स यांच्या हद्दी जेथे मिळतात तेथील हे द्राक्षमळ्यांचे लहानसे खेडे. येथे नदीत उभ्या असलेल्या 'प्रिन्सेस मारी-आस्त्रिद' या जहाजावर १४ जून १९८५ रोजी पाच राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी परस्परांतील सरहद्दींवरची तपासणी क्रमाक्रमाने बंद करण्याच्या करारावर सह्या केल्या. प्रत्यक्षात तो अंमल २६ मार्च १९९५ रोजी, पुन्हा वसंतातच, सुरू झाला. याच मोझेलच्या वरच्या अंगास, फ्रान्समधील मेट्झजवळ, शी-शाझेल या गावी रोबेर शूमान यांचे साधे घर आहे. शूमान १८८६ साली लक्झेंबर्गमध्ये जन्मले. वडिलांचा मुलूख १८७१ पासून जर्मनीकडे गेलेला असल्यामुळे ते जन्मतः जर्मन नागरिक होते, पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच झाले, आणि फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री या नात्याने ९ मे १९५० रोजी त्यांनी जर्मनी व फ्रान्स यांचा कोळसा व पोलाद एका समाईक अधिसत्तेखाली आणण्याची योजना जाहीर केली. ज्या दोन द्रव्यांवाचून तोफ ओतता येत नाही, ती दोन्ही एकत्र ठेवली म्हणजे युद्धाची तयारी गुपचूप करता येणार नाही, ही त्यामागची व्यवहारी समजूत होती. सरहद्द ज्याच्या आयुष्यावरून अशी मागेपुढे गेली, त्यानेच ती निरुपद्रवी करण्याची युक्ती पुढे मांडावी यात आश्चर्य नाही.

तेथून पूर्वेस वळून पुन्हा ऱ्हाइनला भेटावयाचे ते स्ट्रासबुर्ग येथे. २० एप्रिल १७९२ रोजी फ्रान्सने ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारले, आणि २५ एप्रिलच्या रात्री या शहरी रूझे द लील नावाच्या एका सेनाधिकाऱ्याने 'ऱ्हाइनच्या सैन्यासाठी रणगीत' रचले. तेच पुढे 'मार्सेयेझ' या नावाने फ्रान्सचे राष्ट्रगीत झाले. पुढील काळात या शहराने १८७१ मध्ये जर्मन, १९१८ मध्ये फ्रेंच, १९४० मध्ये पुन्हा जर्मन व १९४४ मध्ये पुन्हा फ्रेंच असा चार वेळा अंमल बदललेला पाहिला. म्हणजे एखाद्या दीर्घायुषी आजीबाईने उंबरठा न ओलांडता चार वेळा राज्य बदललेले अनुभवले असेल. आज या शहरी युरोपीय परिषदेचे मुख्य ठाणे आहे, युरोपीय संसद येथे भरते, २००४ साली नदीवर पादचाऱ्यांचा एक डौलदार पूल झाला, आणि एप्रिल २०१७ पासून स्ट्रासबुर्गची ट्राम ऱ्हाइन ओलांडून पलीकडच्या जर्मन केलपर्यंत जाते. आम्ही त्या ट्रामने गेलो. आमच्या शेजारी बसलेल्या बाईंच्या मांडीवर भाजीची पिशवी होती.

अल्सास प्रांताच्या द्राक्षमार्गाने दक्षिणेस कोल्मारकडे जाताना खेड्याखेड्यातील धुराड्यांवर व चर्चच्या शिखरांवर करकोच्यांची मोठाली घरटी दिसतात, आणि मे महिन्यात त्यांतून पिलांच्या माना वर येऊ लागतात. १९७० च्या दशकात या प्रांतात त्यांच्या दहा जोड्याही उरल्या नव्हत्या. गावकऱ्यांनी व पक्षिमित्रांनी पिंजऱ्यात वाढविलेले पक्षी मुद्दाम सोडून त्यांची वस्ती पुन्हा शेकड्यांनी वाढविली. स्वतः नदीची कथा अशीच आहे. १ नोव्हेंबर १९८६ रोजी बाझेलजवळ रसायनांच्या एका कोठारास आग लागून विषारी पाणी ऱ्हाइनमध्ये शिरले, आणि खालच्या अंगास कित्येक मैल मासे मरून वर आले. विषाला सरहद्दीची तमा नव्हती. तेव्हा काठच्या सर्व राष्ट्रांनी एकत्र बसून नदी शुद्ध करण्याचा व तीत साल्मन मासा परत आणण्याचा कार्यक्रम आखला, आणि त्या माशाला प्रवाहाविरुद्ध चढता यावे म्हणून धरणांना पायऱ्यापायऱ्यांच्या वाटा ठेवल्या.

शाफहाउझेनचा सुमारे १५० मीटर रुंद व २३ मीटर उंच धबधबा मे महिन्यात वितळत्या बर्फाने फुगू लागतो. तो पाहून आम्ही बोडेनझे सरोवराच्या काठी, जर्मनीतील कॉन्स्टान्झ येथे मुक्काम केला. या सरोवराच्या मोठ्या भागावर जर्मनी, स्वित्झर्लंड व ऑस्ट्रिया यांची हद्द नेमकी कोठून जाते याविषयी आजतागायत तिघांत तहनामा झालेला नाही, आणि त्यावाचून कोणाचे काही अडलेले नाही. कॉन्स्टान्झ व स्विस क्रॉइझलिंगेन ही एकमेकांना चिकटलेली शहरे. त्यांच्यामध्ये दुसऱ्या महायुद्धात उभारलेले कुंपण काढून २००७ साली त्या जागी हद्दरेषेवर बावीस शिल्पे उभी केली गेली. परंतु २०२० च्या वसंतात, साथीच्या भयाने सरहद्दी बंद झाल्या तेव्हा, त्याच हिरवळीवर पुन्हा तारेचे कुंपण आले, आणि दोहों बाजूंची नवराबायको, वाग्दत्त जोडपी व आजीनातवंडे त्याच्याशी येऊन उभी राहू लागली. तेव्हा हात मिळविता येऊ नयेत म्हणून थोड्या अंतरावर दुसरे कुंपण घालण्यात आले. मेच्या मध्यास ती दोन्ही निघाली. आम्ही गेलो तेव्हा तेथे मुले चेंडू खेळत होती.

पुढे ऑस्ट्रियातील ब्रेगेन्झवरून व्हाडुझला आलो. लिश्टेनस्टाइनचे सारे संस्थान १६० चौरस किलोमीटरांचे. त्याच्या व स्वित्झर्लंडच्या दरम्यान ऱ्हाइनवर १९०१ साली बांधलेला छपराचा लाकडी पूल आहे, आणि त्याच्या मध्यावर दोन देशांची हद्द दर्शविलेली आहे. येथून वसंत मागे जाऊ लागतो. कूरच्या आसपास फळझाडांना बहर होता. दिसेंटिसला, जेथील लोक रोमान्श ही स्वित्झर्लंडची चौथी राष्ट्रभाषा बोलतात, कुरणे नुकती हिरवी होत होती. आणि त्याहून वर, बर्फ जेथून कालपरवा निघाले होते तेथे, ओल्या पिवळट गवतातून क्रोकसची पांढरी-जांभळी फुले वर आली होती. हिवाळाभर मोटारींस बंद असलेली सुमारे २,०४५ मीटर उंचीची ओबेराल्प खिंड त्याच सुमारास खुली झाली होती. मेमध्ये जाणाऱ्याने ती उघडल्याची खातरी आधी करून घ्यावी. खिंडीत, बर्फाच्या भिंतींमध्ये, एक लाल दीपस्तंभ उभा आहे. रॉटरडॅमच्या धक्क्यावर पाहिलेल्या त्या दीपस्तंभाची ही लहान प्रतिकृती, नदीचे मुख व उगम जोडणारी खूण म्हणून, १,२०० किलोमीटरांवर आणून ठेवली आहे. उगमाचे तोमा सरोवर तेथून दीडएक तासाच्या चालीवर आहे. पण ती वाट जून सरेपर्यंत बर्फाखाली असते, म्हणून आम्ही खिंडीतूनच परतलो.

या प्रवासात आम्ही सात देशांच्या हद्दींतून गेलो आणि एकाही ठिकाणी आम्हाला कोणी अडविले नाही. पण हे सुख निसर्गसिद्ध आहे असे मानणे चुकीचे ठरेल. अलीकडच्या काळात यांपैकी काही राष्ट्रांनी सरहद्दीवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली आहे, आणि पारपत्र नेहमी हाताशी ठेवावे असा माझा वाचकांना सल्ला आहे. शेंगेनच्या जहाजावर सह्या झाल्यापासून नाके उठेपर्यंत दहा वर्षे लागली. कॉन्स्टान्झच्या हिरवळीवर कुंपण घालावयास फार दिवस लागले नाहीत. म्हणून ज्यांना शक्य असेल त्यांनी येत्या वसंतात राजधान्यांची मोजदाद बाजूस ठेवावी, एकच नदी निवडावी, तिला महिनाभराचा अवधी द्यावा, आणि फुलांबरोबर रॉटरडॅमचा पुतळा, रेमागेनचे बुरूज व स्ट्रासबुर्गची ट्राम ही तीन स्थळे अवश्य पाहावीत.